नाउनचे प्रकार नक्की किती आणि एकच शब्द दोन प्रकारांत कसा बसतो?

मीनल_जळगाव

नमस्कार, इथे बरेच शिक्षक आणि स्पर्धा परीक्षावाले आहेत म्हणून विचारतेय. लेक सातवीत आहे, सेमी इंग्लिश. सध्या ग्रामरमध्ये काइंड्स ऑफ नाउन्स चालू आहे आणि रोज संध्याकाळी आमच्याकडे त्यावरूनच वादावादी. व्याख्या सगळ्या तोंडपाठ आहेत तिच्या, प्रॉपर कॉमन कलेक्टिव्ह मटेरियल ॲबस्ट्रॅक्ट असं धडाधड म्हणून दाखवते, पण वाक्य समोर आलं की अडलंच.

परवाच्या वर्कशीटमध्ये वाक्य होतं 'प्लीज स्विच ऑफ द आयर्न' आणि आयर्न हा कोणता नाउन ते लिहायचं होतं. हिने लिहिलं कॉमन नाउन. त्यावर लाल फुली आणि बाजूला मटेरियल असं लिहून आलंय. ती म्हणते आई, इस्त्री बंद करायला सांगितलीय ना, मग ते लोखंड कसं काय? मला तिचं पटतंय पण छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, आम्हाला सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम असे तीनच प्रकार होते. मग इंग्रजीत पाच कुठून आले? आणि युट्यूबवर बघायला गेलं तर काउंटेबल, अनकाउंटेबल, काँक्रीट, कंपाउंड अशी अजून भर, म्हणजे आठ नऊ होतात.

तिचा अजून एक प्रश्न आहे, 'ॲडव्हाइस'ला एस का लागत नाही? आपण तर म्हणतोच की त्याने मला दोन सल्ले दिले.

पाठांतर करून मार्क पडतीलही, पण मला तिला ते समजायला हवंय. कुणी नीट उलगडून सांगेल का? मोठं लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचेन.

झेडपी_गुरुजी_माण

मीनलताई, तुमच्या लेकीचं उत्तर बरोबर आहे. वर्कशीट तपासताना शब्द बघितला गेला, वाक्य बघितलं गेलं नाही. नाउनचा प्रकार शब्दावर छापलेला नसतो, त्या वाक्यात तो शब्द कशासाठी आलाय त्यावरून तो ठरतो. माणूस एकच, पण घरी बाप, शाळेत मास्तर आणि बँकेत खातेदार, तसंच आहे हे.

'आयर्न इज अ मेटल' म्हटलं की लोखंड हा पदार्थ, म्हणून मटेरियल. इथे 'ॲन आयर्न' होणार नाही आणि 'आयर्न्स' पण होणार नाही. 'स्विच ऑफ द आयर्न' म्हटलं की ती एक वस्तू झाली, दुकानात जाऊन 'ॲन आयर्न' मागता येते, घरात दोन असतील तर 'टू आयर्न्स'. म्हणून कॉमन नाउन. ही दोन वाक्यं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि बाईंना भेटून शांतपणे दाखवा, तपासायला गठ्ठा मोठा असला की असं होतं, समजून घेतील त्या. ग्लासचंही असंच, 'द विंडो इज मेड ऑफ ग्लास' मध्ये काच, 'गिव्ह मी अ ग्लास ऑफ वॉटर' मध्ये पेला, आणि 'माय ग्लासेस आर ऑन द टेबल' मध्ये चष्मा. एकाच शब्दाची तीन कामं.

आता प्रकार किती हा प्रश्न. खरा घोळ इथे आहे की हे पाच प्रकार एकाच प्रश्नाची पाच उत्तरं नाहीत, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि पुस्तकात ती एका ओळीत बसवलेली असतात त्यामुळे पोरांना वाटतं की एक शब्द म्हणजे एकच खण. तसं नाही. पहिला प्रश्न असा की हे नाव त्या जातीच्या सगळ्यांचं आहे का एकाचंच खास आहे, म्हणजे रिव्हर कॉमन आणि कृष्णा प्रॉपर. दुसरा प्रश्न, हे एक दोन तीन असं मोजता येतं का, तिथे काउंटेबल आणि अनकाउंटेबल. तिसरा, ते डोळ्याला कानाला नाकाला हाताला कळतं का नुसतं मनाला कळतं, तिथे काँक्रीट आणि ॲबस्ट्रॅक्ट. मग एकाचं नाव आहे का घोळक्याचं हा कलेक्टिव्हचा प्रश्न, आणि शब्द एक आहे का दोन जोडून केलाय हा कंपाउंडचा. आता 'टूथब्रश' घ्या. तो कॉमन आहे, काउंटेबल आहे, काँक्रीट आहे आणि कंपाउंडही आहे, चारही एकाच वेळी, आणि कुठेच भांडण नाही. लेकीला हे एकदा कळलं की आठ नऊ प्रकारांची भीती जाईल.

आणि तुमचे मराठीतले तीन प्रकार काही कमी नव्हते. मराठीत कळप, समिती, सैन्य हे समूहवाचक आणि सोनं, दूध, कापड हे पदार्थवाचक, दोन्ही सामान्यनामातच धरतात. म्हणजे इंग्रजीतले कलेक्टिव्ह आणि मटेरियल तुमच्या सामान्यनामाच्या पोटातच आहेत. तुम्ही जे शिकलात त्यावरच तिला शिकवा, वेगळं काही नाही.

ॲबस्ट्रॅक्टसाठी तर मराठीचा फार उपयोग होतो. मी वर्गात आधी मराठी शब्द करायला लावतो. नम्र पासून नम्रता, शहाणा पासून शहाणपण, चपळ पासून चपळाई, ओला पासून ओलावा, माणूस पासून माणुसकी, गुलाम पासून गुलामगिरी. पोरं भराभर सांगतात, दादागिरी तर हमखास येतं. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला काइंड पासून काइंडनेस, ऑनेस्ट पासून ऑनेस्टी, फ्रेंड पासून फ्रेंडशिप, चाइल्ड पासून चाइल्डहुड, ब्रेव्ह पासून ब्रेव्हरी. शेपूट बदलली की गुणाला किंवा अवस्थेला नाव मिळतं, हे त्यांना दोन्ही भाषांत एकदम दिसतं. फक्त थीफ पासून थेफ्ट, लाफ पासून लाफ्टर, पुअर पासून पॉव्हर्टी असे जे वेडेवाकडे आहेत ते वेगळे लिहून ठेवायचे.

आणि एक, 'ज्याला हात लावता येत नाही ते ॲबस्ट्रॅक्ट' ही व्याख्या पाठ करू देऊ नका. वाऱ्याला, आवाजाला, इंद्रधनुष्याला कुठे हात लावता येतो, पण ते जाणवतात, दिसतात, ऐकू येतात.

कंबाइन_पुन्हा_एकदा

गुरुजींनी मस्त सांगितलंय पण मी परीक्षेच्या बाजूने बोलतो. मीनलताई, शाळेत पाच प्रकार विचारतात तोवर ठीक आहे, पुढे कुठेच 'हा कोणता नाउन' असं सरळ फारसं विचारत नाहीत. विचारतात ते असं की वाक्यात चूक शोधा. आणि त्या चुका जवळपास सगळ्या मोजण्यावरच्या असतात. 'द सीनरीज ऑफ काश्मीर आर ब्यूटिफुल' चूक, सीनरीला एस नाही आणि मग 'इज' येतं. 'द न्यूज आर ट्रू' चूक, शेवटी एस दिसतोय म्हणून फसायचं नाही, न्यूज एकवचनीच. 'मॅथेमॅटिक्स', 'फिजिक्स' पण तसेच. उलट 'द पोलीस हॅज अरेस्टेड' चूक, तिथे 'हॅव' पाहिजे, कारण पोलीस, पीपल, कॅटल यांना एस नसला तरी क्रियापद अनेकवचनी.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, मुलीला आत्तापासून एकच सवय लावा, नवीन नाउन आला की तो मोजता येतो का हे आधी बघायचं. कारण 'अ' लागणार का, एस लागणार का, 'मेनी' का 'मच', 'फ्यू' का 'लिटल', 'इज' का 'आर', हे सगळं त्या एका गोष्टीवर चालतं. मटेरियल आहे का ॲबस्ट्रॅक्ट आहे याने वाक्यात काडीचा फरक पडत नाही. माझ्यासोबत अभ्यासिकेत बसणारी कितीतरी पोरं व्याख्या झोपेत सांगतील आणि 'फर्निचर्स' लिहून मार्क घालवतील, बघून जीव तुटतो.

झेडपी_गुरुजी_माण

मोजण्याचं महत्त्वाचं आहे हे शंभर टक्के मान्य. पण बाकीचं सोडून द्या हे मला मान्य नाही. दोन कारणं आहेत. एक तर प्रॉपर कळल्याशिवाय कॅपिटल लेटर आणि 'द' जमत नाही. मंडे, ऑगस्ट, दिवाळी, मराठी हे सगळे कॅपिटलने, पण समर, विंटर हे ऋतू साध्या अक्षराने. 'द कृष्णा', 'द अरेबियन सी', 'द हिमालयाज' यांना 'द' लागतो, पण एकट्या शिखराला नाही, 'माउंट एव्हरेस्ट' नुसतं, 'कळसूबाई' नुसतं. 'माय मदर इज अ नर्स' मध्ये मदर साधी आणि 'आय टोल्ड मदर' मध्ये तीच मदर नावासारखी वापरली म्हणून कॅपिटल. हे मोजून कळणार नाही.

दुसरं म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे अनकाउंटेबल असं बरीच पोरं धरून चालतात आणि तिथेही मार्क जातात. आयडिया ॲबस्ट्रॅक्टच आहे पण 'थ्री आयडियाज' होतं. वीक, ड्रीम, प्रॉब्लेम, सगळे मनाने कळणारे आणि सगळे मोजता येणारे. एक्सपीरियन्स तर दोन्हीकडे. 'शी हॅज एक्सपीरियन्स' म्हणजे कामाचा अनुभव, मोजायचा नाही, आणि 'इट वॉज ॲन अनफर्गेटेबल एक्सपीरियन्स' म्हणजे एक प्रसंग, मोजता येतो.

आमच्या भागातल्या पोरांना शाळेबाहेर इंग्रजी कानावर पडत नाही. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हापासून मी बघतोय, ज्या पोराला हा शब्द असा का वागतो याचं कारण सांगितलं तो पुढे जाऊन अडत नाही. म्हणून मी सगळंच शिकवतो, फक्त व्याख्येने सुरुवात करत नाही.

मुद्रितशोधन_दोन्ही_भाषा

मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर तपासायचं काम करते, त्यामुळे ॲडव्हाइसच्या प्रश्नावर मला मनापासून बोलायचंय, कारण मीनल, तुझ्या लेकीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय.

मोजता येणं न येणं हे वस्तूत नसतं, भाषेत असतं. मराठीने सल्ल्याला मोजायचं ठरवलं, इंग्रजीने नाही ठरवलं. मग आपली चूक कुठे होते? जिथे दोन्ही भाषांचं जमतं तिथे आपण कधीच चुकत नाही. 'इन्फर्मेशन्स' लिहिणारे मला कमी भेटतात कारण आपण माहित्या म्हणतच नाही. सामान पण आपण मोजत नाही, म्हणून 'लगेज' सहज जमतं. गुरं आली, लोक आले, दोन्ही आपल्याकडेही अनेकवचनी, म्हणून 'कॅटल आर' आणि 'पीपल आर' एकदा ऐकलं की बसतं.

जिथे फाटे फुटतात तिथे बघ. आपले केस अनेकवचनी, केस गळतात, केस पांढरे झाले, म्हणून आपण 'माय हेअर्स आर फॉलिंग' लिहितो, तर इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर' आणि 'इज'. पैसे संपले, म्हणून 'मनी आर' तोंडात येतं. बातम्या बघितल्या, दागिने घातले, यंत्रं बसवली, कामं केली, सल्ले दिले, हे सगळे आपल्याकडे मोजायचे आणि तिकडे न्यूज, ज्वेलरी, मशिनरी, वर्क, ॲडव्हाइस एकवचनीच. स्वयंपाकघरात तर गंमतच आहे, आपण तांदूळ निवडले म्हणतो, गहू दळून आणले म्हणतो, पोहे भिजवले म्हणतो, सगळं अनेकवचनी. राइस आणि व्हीट मात्र अनकाउंटेबल.

उलटंही आहे. आपली कात्री एक, चष्मा एक, पँट एक. इंग्रजीत सिझर्स, स्पेक्टॅकल्स, ट्राउझर्स, सगळ्यांना 'आर', कारण दोन पाती, दोन भिंगं, दोन पाय. पायजमा तर आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेला शब्द, आणि तिकडे गेल्यावर तो बाकीच्या जोडीदारांसारखा 'पायजमाज' झाला.

आणि चित्रकलेच्या तासाला आपण जी सीनरी काढतो ना, घर डोंगर नदी सूर्य, तो आपला मराठी शब्द झाला आता. तिच्या सीनऱ्या होतात. इंग्रजीतली सीनरी म्हणजे आजूबाजूचं सगळं निसर्गदृश्य मिळून, ती भिंतीवर टांगता येत नाही आणि मोजताही येत नाही.

आता न मोजता येणारं मोजायचंच असेल तर काय करायचं, यात दोन्ही भाषा एकच युक्ती करतात. आपण दोन मीठ म्हणत नाही, मिठाचे दोन खडे म्हणतो. पाण्याचा थेंब, भाताचं शीत, साबणाची वडी, गवताची काडी. लसूण बघ, बाजारात आपण चार कांदे म्हणतो पण चार लसूण सहसा म्हणत नाही, लसणाच्या चार पाकळ्या म्हणतो. इंग्रजीत कांदा 'ॲन अनियन', काउंटेबल, आणि लसूण अनकाउंटेबल, 'फोर क्लोव्ज ऑफ गार्लिक'. जसंच्या तसं! तेच मग 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'ॲन आयटम ऑफ न्यूज', 'अ पीस ऑफ फर्निचर', 'अ ग्रेन ऑफ राइस'. लेकीला सांग की ॲडव्हाइसला पाकळी लागते, आणि ती पाकळी म्हणजे पीस. मग एस लागेल, पण पाकळीला, 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'.

हॉटेलात मात्र दोन चहा द्या म्हणतो आपण, आणि इंग्रजीतही 'टू टीज प्लीज' चालतं, कारण तिथे चहा म्हणजे कप. हे पण तिला सांग, नाहीतर उद्या कुठेतरी वाचून गोंधळेल.

प्रकार तीन का पाच का आठ या आकड्याला मात्र फार धरून बसू नका. यास्क या प्राचीन संस्कृत पंडिताने निरुक्त या ग्रंथात शब्दांचे चारच गट केले, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, निपात म्हणजे अव्यय, आणि विशेषणं नामातच राहिली. इंग्रजीतही अठराव्या शतकापर्यंत बरेच व्याकरणकार विशेषणाला नाउनचाच एक प्रकार मानायचे. भाषा तीच राहते, मोजणारे आपापल्या सोयीने खण पाडतात.

लीड्सकर

कलेक्टिव्हवर कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितोय, मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की टीम, कमिटी, क्लास, गव्हर्नमेंट हे सगळे एक गट म्हणून एकवचनी. इथे आल्यावर बघतो तर लोक बिनदिक्कत 'द टीम आर प्लेइंग वेल' म्हणतात, 'द गव्हर्नमेंट आर' पण बोलतात. ब्रिटिश इंग्रजीत गटातली माणसं डोळ्यासमोर असतील तर अनेकवचन चालतं. अमेरिकन लोक बहुतेक वेळा 'इज'च लावतात.

क्रिकेटमध्ये तर आपण पण हेच वाचतो, फक्त लक्ष जात नाही. भारतातल्या इंग्रजी पेपरात हेडिंग असतं 'इंडिया विन बाय सेव्हन विकेट्स', 'विन्स' नाही. इंडिया हा खरं तर प्रॉपर नाउन, देशाचं नाव, पण तिथे तो अकरा जणांचा संघ म्हणून आलाय म्हणून क्रियापद अनेकवचनी. आणि त्याच पेपरात पुढच्या पानावर 'इंडिया साइन्स ट्रेड डील' असेल, कारण तिथे इंडिया म्हणजे एक देश. गुरुजी म्हणाले तेच, वाक्य बघायचं.

कंबाइन_पुन्हा_एकदा

लीड्सकर दादा एकदम बरोबर, पण परीक्षेत 'टीम आर' डोळे झाकून लिहू नका कुणी. आपल्याकडे नियम असा धरतात की सगळे मिळून एक काम करताहेत तर एकवचन, 'द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट', आणि सभासदांत फूट असेल तर अनेकवचन, 'द कमिटी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स'. 'इट्स' आहे का 'देअर' आहे ते बघायचं, उत्तर त्यातच असतं. आणि पर्यायात 'युथ' आला तर सावध, तो तीन घरचा आहे. 'इन माय युथ' म्हणजे तारुण्य, ॲबस्ट्रॅक्ट. 'अ युथ वॉज अरेस्टेड' म्हणजे एक तरुण, कॉमन. 'द युथ ऑफ द व्हिलेज' म्हणजे सगळी तरुण मंडळी, कलेक्टिव्ह.

गुरुजी, तुमचं कॅपिटल आणि 'द'चं पटलं. तेवढं माझं वाक्य मागे घेतो.

मुद्रितशोधन_दोन्ही_भाषा

कलेक्टिव्हच्या याद्या पाठ करायला देतात ना, अ फ्लीट ऑफ शिप्स, अ स्वॉर्म ऑफ बीज, त्या करताना मराठी यादी शेजारी ठेवा म्हणजे कंटाळा येत नाही. केळ्यांचा घड, फुलांचा गुच्छ, किल्ल्यांचा जुडगा, भाकऱ्यांची चवड, आंब्यांची अढी, उंटांचा तांडा. इंग्रजीत घड, गुच्छ आणि जुडगा तिन्हीला 'बंच' चालतं, त्यामुळे आपल्या पोरांना तिकडची यादी तशी सोपीच आहे. अढीला मात्र मला अजून एका शब्दात काही सापडलेलं नाही, कारण नुसता ढीग म्हणजे अढी नव्हे, पेंढ्यात पिकायला घातलेले आंबे म्हणजे अढी.

मीनल_जळगाव

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. लेकीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. लसणाच्या पाकळीवर ती जाम खूश आहे, आज भाजी करताना येऊन म्हणाली आई किती क्लोव्ज टाकू. बाईंना पण दोन्ही वाक्यं लिहून दाखवली, त्यांनी लगेच मान्य केलं आणि वर्गात सगळ्यांचीच ती वर्कशीट पुन्हा बघणार आहेत म्हणाल्या.

गुरुजी, एक विनंती आहे, सरावासाठी अशीच थोडी वाक्यं द्याल का? एकच शब्द दोनदा येणारी. आणि एक शंका राहिली, केस अनकाउंटेबल म्हणालात, मग आमटीत केस सापडला तर इंग्रजीत कसं म्हणायचं?

झेडपी_गुरुजी_माण

आमटीतला केस एकच आणि वेगळा दिसतोय, म्हणून तिथे 'देअर इज अ हेअर इन माय सूप' असंच म्हणतात, काउंटेबल. डोक्यावरचे सगळे मिळून 'हर हेअर इज लाँग'. दोन केस सापडले तर 'टू हेअर्स' पण बरोबर.

सरावाची वाक्यं देतो. 'वी डोन्ट ईट चिकन' आणि 'देअर आर टेन चिकन्स इन द यार्ड'. 'द फोर्ट इज बिल्ट ऑफ स्टोन' आणि 'ही थ्रू अ स्टोन'. 'शी वॉन अ गोल्ड इन रेसलिंग' आणि 'गोल्ड इज कॉस्टली'. 'देअर आर थ्री गणेशेस इन अवर क्लास' आणि 'गणेश इज ॲबसेंट टुडे'. 'आय हॅव नो टाइम' आणि 'आय टोल्ड यू थ्री टाइम्स'. तिला प्रकार लिहायला सांगाच, पण त्याच्यापुढे तोच का हे मराठीत एका ओळीत लिहायला सांगा.

मीनल_जळगाव

केली तिने सगळी. चिकन आणि स्टोन बरोबर आलं असावं, जेवणातलं मटेरियल आणि अंगणातलं कॉमन, किल्ल्याचा दगड मटेरियल आणि फेकलेला कॉमन. 'अ गोल्ड' ला तिने कॉमन लिहिलं आणि कारण लिहिलंय की हे सोनं नाही, मेडल आहे, दोन गोल्ड पण मिळू शकतात. टाइमला पहिला ॲबस्ट्रॅक्ट अनकाउंटेबल, दुसरा काउंटेबल कारण तीनदा मोजलंय. फक्त गणेशला दोन्हीकडे प्रॉपर लिहिलंय, म्हणते दोन्हीकडे कॅपिटल आहे मग प्रॉपरच.

झेडपी_गुरुजी_माण

व्वा, गोल्डचं कारण वाचून फार बरं वाटलं, शाबासकी द्या तिला माझ्याकडून. गणेशचं असं आहे, 'गणेश इज ॲबसेंट' मध्ये एकच ठराविक पोरगा, तो प्रॉपर. 'थ्री गणेशेस' मध्ये गणेश नावाची जी जी पोरं आहेत त्यांचा एक गट केला आणि त्यातले तीन मोजले, पुढे एस लावला, आकडा लावला. म्हणजे प्रॉपर नाउन तिथे कॉमनसारखा वापरलाय. कॅपिटल मात्र तसंच राहतं, कारण ते नाव आहे. 'द कुलकर्णीज आर कमिंग' मध्ये पण असंच, कुलकर्णी घरातली सगळी. तिच्या वर्गात एका नावाची दोन तीन पोरं असतीलच, त्यांच्यावर वाक्य करून आणायला सांगा आणि इथे टाका, बघतो मी.